नव्या गड्यावर राज्य

मराठीत ‘राज्य’ या शब्दाची मोठी गंमत आहे. मोठी माणसे राज्य मिळवतात. मुलांवर मात्र राज्य येते. लपंडावात किंवा शिवाशिवीत ज्याच्यावर राज्य येते त्याच्यासारखा केविलवाणा प्राणी दुसरा नसेल. सगळ्यांनी लपायचे आणि त्याने एकट्याने शोधायचे. सगळ्यांनी पळायचे आणि त्याने एकट्याने धापा टाकायच्या. वर पुन्हा सगळ्यांनी मिळून ओरडायचे, “राज्य तुझ्यावर, राज्य तुझ्यावर!” ‘नवा गडी, नवे राज्य’ ही म्हण वर्गात समजावून देताना मी मुलांना नेहमी विचारतो, की यातले राज्य मोठ्या माणसांचे समजायचे की लहान मुलांचे? मुले हसतात आणि तास संपण्याची वाट पाहतात. मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोशात मिळाले नाही. ते मिळाले खडकी बाजारातल्या एका अमृततुल्य चहाच्या दुकानात.

या दुकानात भारतीय हॉकी संघाच्या प्रशिक्षकांच्या नेमणुका पक्क्या होतात. म्हणजे त्या होतात दिल्लीलाच. पण आमच्या बाकावर त्यांचा रीतसर खल झाल्यावाचून त्यांना अर्थ येत नाही, अशी तिथल्या मंडळींची समजूत आहे. पुण्यात क्रिकेटविषयी मत नसलेला माणूस सापडायचा नाही. खडकीत तीच गोष्ट हॉकीची. लष्कराची छावणी, दारूगोळ्याचे कारखाने, कारखान्यांच्या वसाहती आणि त्या वसाहतींची मैदाने असा हा मुलूख. धनराज पिल्ले इथलाच. त्याचे वडील वसाहतीच्या मैदानाची निगा राखत आणि पोरगा मोडक्या स्टिका बांधून खेळे. तोच पुढे चार ऑलिंपिक खेळला. आमच्या दुकानात येणारा पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक गृहस्थ लहानपणी धनराजबरोबर खेळलेला आहे. या सर्वांची बेरीज केली तर त्या मैदानावर एका वेळी चारपाचशे माणसे तरी खेळत असली पाहिजेत!

माझे वडील कारखान्यात कारकून होते. संध्याकाळी त्यांच्याबरोबर मी या दुकानात जाऊ लागलो तेव्हा माझ्या वाट्याला फक्त क्रीमरोल येई. पुढे चहा येऊ लागला. मी कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर मंडळी मला ‘सर’ म्हणू लागली, तरी हॉकीच्या बाबतीत माझे मत कोणी कधी विचारले नाही. त्यामुळे मला ऐकायला भरपूर मिळाले. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की प्रशिक्षक कोणीही येवो, बाकावर पक्ष तीनच असतात.

पहिला पक्ष आमच्या ड्रिलमास्तरांचा. हे एका शाळेतून निवृत्त झालेले, आवाज अजून मैदानाच्या मापाचा. त्यांचे म्हणणे, प्रशिक्षक आपला माणूस हवा. “आठ सुवर्णपदकं मिळाली. १९२८ पासून १९८० पर्यंत! तेव्हा कोणता साहेब शिट्टी घेऊन उभा होता हो?” दुसरा पक्ष विमा कंपनीतल्या एका गृहस्थांचा. त्यांना सगळे विमासाहेब म्हणतात. त्यांचे म्हणणे, प्रशिक्षक परदेशी हवा. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी प्रथम कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आपण सातवे आलो, इथून त्यांची कथा सुरू होते. गवतावरच्या मनगटाच्या कारागिरीचे दिवस गेले. आता पळायची ताकद पाहिजे आणि तिचे शास्त्र पाहिजे. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवा, त्यात कमीपणा कसला?

तिसरा पक्ष एकट्या फोरमनकाकांचा. हे दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. मूळ घर तमिळ, पण त्यांचे मराठी अस्सल खडकीचे, म्हणजे अर्धे हिंदीत बुडवलेले. तरुणपणी कारखान्याच्या संघात ते लेफ्ट हाफ होते. नव्या प्रशिक्षकाचे नाव निघाले की दोन्ही पक्ष त्यांच्याकडे बघत आणि काका विचारत, “किती दिवसांसाठी आणलाय?”

या प्रश्नाला ड्रिलमास्तरांकडे उत्तर नसे आणि विमासाहेबांकडेही नसे. खरे पाहता ते दिल्लीकडेही नव्हते. १९९८ च्या डिसेंबरात धनराजच्या संघाने बँकॉकला आशियाई सुवर्णपदक जिंकले, तब्बल ३२ वर्षांनी. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या रात्री खडकीत दिवाळी पुन्हा आली होती. पण काही आठवड्यांतच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले आणि प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिकही गेले. जिंकलेला प्रशिक्षक काढतात म्हटल्यावर हरलेल्याची काय कथा! २००२ साली कुआलालंपूरला विश्वचषकाची स्पर्धा चालू असतानाच सेड्रिक डिसूझांना दूर केले गेले. २००४ साली अथेन्सचे ऑलिंपिक तोंडावर आलेले असताना राजिंदरसिंगांच्या जागी जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले. लग्नाच्या मांडवात ऐनवेळी आचारी बदलावा तसा तो प्रकार. संघ सातवा आला. २००८ च्या मार्चमध्ये चिलीत ब्रिटनकडून ०-२ हरून आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही. १९२८ पासून असे प्रथमच घडले. त्या दिवशी ड्रिलमास्तरांनी चहाचा पेला तसाच खाली ठेवला आणि ते न बोलता उठून गेले.

त्यानंतर परदेशी पक्षाची चलती झाली. २००९ साली स्पेनचे होसे ब्रासा आले. विमासाहेबांनी सर्वांना चहा पाजला. पण दुसऱ्याच जानेवारीत, विश्वचषक दिल्लीत व्हायचा असताना, इथे आमच्या बालेवाडीच्या शिबिरात खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद ठेवला. तेव्हा काका म्हणाले, “आता यात तो स्पॅनिश माणूस काय करणार? त्याला पेनल्टी कॉर्नर येतो, पगारपत्रक कुठं येतं?” मला वाटते, पराभवाच्या कारणांवर इतके नेमके वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. संघाच्या हरण्यात मैदाने, पैसा, निवड, कचेऱ्या अशा वीस गोष्टींचा वाटा असतो. पण वीस गोष्टींवर राग धरता येत नाही. रागाला एक माणूस लागतो, आणि आशेलाही एकच माणूस लागतो. म्हणून आपण जुन्या प्रशिक्षकावर सगळा राग ठेवतो आणि नव्यावर सगळी आशा. म्हणीतले राज्य हेच. त्याला वाटते आपल्याला राज्य मिळाले. आम्हांला ठाऊक असते, की त्याच्यावर राज्य आलेले आहे.

या वादाचे मोल मला कळले ते वाद थांबला तेव्हा. २०१२ साली लंडनला आपण सगळे सामने हरलो आणि बारा संघांत बारावे आलो. मला वाटले, आता बाकावर रणकंदन होणार. पाहतो तो सगळे गप्प! विमासाहेब पावसाबद्दल बोलले. ड्रिलमास्तरांनी भाज्यांचे भाव सांगितले. प्रशिक्षक मायकेल नॉब्ज यांना ठेवावे की काढावे, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरात दुखणाईत असावा आणि डॉक्टर कोणता आणायचा यावरची भांडणे एकाएकी थांबावीत, तसे मला झाले. नातेवाईक भांडत असतात तोवर रोग्याला आशा आहे असे समजावे. पुढच्या वर्षी टेरी वॉल्श यांचे नाव निघाले आणि ड्रिलमास्तर बाकावर मूठ आपटून म्हणाले, “पुन्हा गोरा!” तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

वॉल्श आले, २०१४ साली इंचॉनचे आशियाई सुवर्ण मिळाले, आणि काही आठवड्यांत वॉल्श गेले. पॉल व्हॅन आस आले, ते काही महिन्यांतच गेले. मग रोलंट ऑल्टमन्स, मग श्योर्ड मरीने, मग हरेंद्रसिंग, मग २०१९ च्या एप्रिलमध्ये ग्रॅहम रीड. ब्रासांपासून मोजले तर हंगामी माणसे सोडून दहा वर्षांत आठ प्रशिक्षक झाले. काकांनी ही यादी दुकानाच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ते म्हणत, “सर, कोथिंबीर महिन्यात येते. नारळाला सात वर्षं लागतात. आपण लावतो नारळ आणि महिन्यानं कोयता घेऊन जातो.”

यातला मरीने यांचा किस्सा आमच्या बाकावर फार गाजला. ते महिला संघाचे प्रशिक्षक होते; २०१७ साली त्यांना पुरुष संघावर आणले. २०१८ च्या मे महिन्यात त्यांना परत महिला संघाकडे पाठवले आणि तिथल्या हरेंद्रसिंगांना इकडे घेतले. आमच्याकडे पाहुण्यांच्या चपला बदलतात तशी ही अदलाबदल झाली, असे विमासाहेब म्हणाले. पण हेच मरीने पुढे तीन वर्षे महिला संघाबरोबर राहिले आणि २०२१ साली टोकियोला त्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवून चौथा क्रमांक मिळवला. माणूस तोच, शिट्टी तीच. फरक फक्त त्याला मिळालेल्या दिवसांचा.

आणि त्याच टोकियोत, ५ ऑगस्टच्या सकाळी, पुरुषांचा संघ जर्मनीविरुद्ध १-३ असा मागे पडून ५-४ असा जिंकला. शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. ४१ वर्षांनी ऑलिंपिकचे पदक! करोनाचे दिवस होते. मंडळी तोंडाला मुखपट्ट्या बांधून दुकानाबाहेर रस्त्यावर उभी राहिली आणि दोन हातांच्या अंतरावरून भांडू लागली. विमासाहेब म्हणाले, “बघा, रीड!” ड्रिलमास्तर म्हणाले, “गोल रीडनं अडवला का? श्रीजेश कुठला, ते सांगा!” काका नुसतेच हसत होते. डोळ्यांतले पाणी पुसायला मुखपट्टीचा उपयोग होतो, हे मला त्या दिवशी कळले. मग ते हळूच म्हणाले, “ऑलिंपिक एक वर्ष पुढं गेलं ना, म्हणून या माणसाला एक वर्ष जास्त मिळालं. करोनानं दिलं ते.”

पुढे २०२३ च्या जानेवारीत ओडिशातल्या विश्वचषकात आपण न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो आणि रीड गेले. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन नेमले गेले. बाकावर पुन्हा तिन्ही पक्ष सज्ज झाले. त्या वादाचा निकाल लागायच्या आतच एक वेगळे प्रकरण बाकासमोर आले. ते माझेच होते.

आमच्या कॉलेजात जिमखान्याचे काम पाहणारे सहकारी निवृत्त झाले. त्यांची जागा, हल्ली कॉलेजातल्या अनेक जागांप्रमाणे, भरली गेली नाही. एकेक खेळ एकेका प्राध्यापकाला वाटून देण्यात आला. क्रिकेट गणिताने घेतले, बुद्धिबळ अर्थशास्त्राने घेतले. शेवटी उरले मराठी आणि हॉकी. प्राचार्य म्हणाले, “सर, तुम्ही खडकीचे. व्यवस्थापक म्हणून तुमचं नाव टाकतो.” हॉकीचा संघ चार वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता, आदल्या वर्षी ०-११ असा हरला होता, आणि वर्षअखेर तो बंद करून तो पैसा दुसरीकडे वळवावा असा प्रस्ताव समितीपुढे होता. हे प्राचार्यांनी दाराशी पोचवताना सांगितले.

दुसऱ्या दिवशी स्कूटर लावताना पलीकडच्या खांबाआडून मला माझ्या नेमणुकीवरची चर्चा ऐकू आली. एक मुलगा म्हणत होता, “मराठीचे सर? ते आधी पेनल्टी कॉर्नरला प्रतिशब्द काढतील.” दुसरा म्हणाला, “पण निदान येतील तरी रोज. आधीचे यायचेच नाहीत.” तिसरा म्हणाला, “कोणी येऊ दे, बंद होणार आहे ते.” मी थक्क झालो. तीन मुले, आणि हुबेहूब आमच्या बाकावरचे तीन पक्ष!

संध्याकाळी बाकावर माझ्यासमोर माझा खल झाला. ड्रिलमास्तरांचा निर्णय असा, की मी माणूस स्वदेशी असलो तरी हॉकीच्या दृष्टीने परदेशीच. विमासाहेब म्हणाले, परदेशी तरी कसले, परग्रहावरचे! मग काकांनी विचारले, “पोरं किती आहेत?”

मी म्हटले, “नऊ.”

“मग मॅनेजरचा वाद कशाला घालता? आधी दोन पोरं शोधा.”

त्या एका वाक्याने माझे काम ठरले. एक मुलगा धावण्याच्या शर्यतीतला मिळाला; त्याच्या हातात स्टिक काठीसारखी दिसे, पण तो थांबत नसे. दुसरा सकाळी दूध टाकून कॉलेजला येणारा. त्याला उठण्याचे कौतुक नव्हते. काका स्वतः रोज साडेपाचला मैदानावर येऊ लागले. गुडघे गेलेले, म्हणून गोलजाळ्याशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत आणि तिथून ओरडत. आमचे मैदान मुरमाचे. सामने असत कृत्रिम हिरवळीवर, तिथे चेंडू साबणावरून सुटल्यासारखा सुटतो. म्हणून आठवड्यातून दोनदा पिंपरीला नेहरूनगरच्या मैदानावर मुलांना नेले पाहिजे, असे काकांनी सांगितले. त्यासाठी बसचे पैसे पाहिजेत. पैशांसाठी अर्ज पाहिजे. आणि अर्ज लिहिणे हे माझे क्षेत्र! मी असा अर्ज लिहिला, की लेखापालांनी तो दोनदा वाचून तिसऱ्या दिवशी पैसे मंजूर केले. माझ्या आजवरच्या साहित्यसेवेत इतके परिणामकारक लेखन माझ्या हातून झालेले नाही.

पहिला सामना आम्ही ०-५ असा हरलो. परतताना बसमध्ये मुले गात होती. ती का गात आहेत हे कंडक्टरला कळेना. ०-११ चा इतिहास त्याला ठाऊक नव्हता. त्या हंगामात आम्ही एकूण तीन सामने खेळलो, दोन हरलो आणि एक १-१ असा सुटला. तो एक गोल दुधवाल्या मुलाने केला. काका खुर्चीतून उठायला गेले आणि खुर्चीसकट उठले.

समितीची बैठक भरली तेव्हा मी जिंकण्याहरण्याचे काही बोललो नाही. मी फक्त हजेरीपत्रक पुढे ठेवले. त्यात पंधरा नावे होती. वर्षाच्या सुरुवातीला नऊ, शेवटी पंधरा. गणिताच्या प्राध्यापकांनी चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाले, “वाढ आहे.” प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकलला गेला. आमच्याकडे एखादी गोष्ट पुढे ढकलली गेली म्हणजे ती वाचली असे समजायचे असते.

त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपण स्पेनला २-१ असे हरवून पुन्हा कांस्यपदक मिळवले. लागोपाठ दोन ऑलिंपिकांत पदक, १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच. त्या दिवशी आमची पंधराची पंधरा मुले दुकानात आली. मालकांनी कधी नव्हे तो फुकट चहा दिला. दूधवाला मुलगा ड्रिलमास्तरांशी वाद घालू लागला, की पुढचा प्रशिक्षक कोण असावा. ड्रिलमास्तर त्याच्यावर ओरडत होते आणि मला दिसत होते, की त्यांना इतका आनंद गेल्या वीस वर्षांत झालेला नाही. वाद घालायला त्यांना वारस मिळाला होता.

यंदा मात्र आमच्यावर नवे संकट आले आहे. फोरमनकाका मुलाकडे बंगळूरला राहायला चालले आहेत. गुडघ्यांची शस्त्रक्रिया तिथेच व्हायची आहे. काकांच्या खुर्चीवर कोण, यावर बाकावर आठ दिवस खल चालू आहे. ड्रिलमास्तर म्हणतात, खडकीचाच माणूस हवा. विमासाहेबांच्या पाहण्यात पिंपरीचा एक तरुण आहे, शिकलेला, प्रमाणपत्रे असलेला. मुलांतले काही म्हणतात, काकांसारखे कोणी मिळणार नाही, बघायलाच नको. काका सगळे ऐकून घेतात. परवा उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, “कोणाला पण आणा सर, पण किती दिवसांसाठी आणणार?”

आता दिवाळीची सुट्टी आहे आणि मी प्राचार्यांना एक अर्ज लिहायला घेतला आहे. प्रशिक्षकाच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. ते बाक ठरवील, मुले ठरवतील. मी त्यात एकच ओळ पक्की केली आहे, आणि ती तीनदा लिहून पाहिली तरी मला बदलावीशी वाटली नाही: सदर नेमणूक किमान तीन वर्षांसाठी असावी, ही विनंती.